ब्लँकचा उन्हाळा

आमच्या घरात सध्या तिसऱ्या रीडिंगचे दिवस चालू आहेत. मीनलची, म्हणजे माझ्या लेकीची, बारावीची प्रॅक्टिकलची परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. जेवणाच्या टेबलावर वरणाच्या पातेल्याला टेकून तिची जर्नल उभी असते आणि मिठाच्या वाटीत पेन्सिल सापडते. परवा तोंडात घास असतानाच तिने विचारलं, "आई, दोन रीडिंगं बरोबर जुळलीत. तिसरं थोडं पुढे पळतंय. जुळवून टाकू नं? सगळे तेच करतात."

प्रश्न साधा होता. माझ्या हातात कढीची वाटी होती. ती मी ओट्यावर ठेवली असं मला वाटलं. प्रत्यक्षात ओटा चार बोटं आधीच संपला होता.

"आईला काय झालं?" मीनल.

"काही नाही, तिला केमिस्ट्री झाली," असं म्हणून आमचे हे फडकं आणायला उठले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलेलं आहे, की शिमग्याच्या सुमाराला बायकोच्या हातात सांडण्याजोगं काही द्यायचं नाही.

खरंच आहे ते. उमरेड रोडला पळस पेटला की लोक गाडी थांबवून बघतात. मी मान फिरवते. संत्र्यांच्या ढिगाजवळून जाताना सालीचा तो तिखट गोड वास आला की इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या तळहातांना सुटतं. माणसाला एखादा ऋतू बाधतो, तसा मला मार्च-एप्रिल बाधलेला आहे. आणि बाधा झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते, वजन एक्याण्णव पौंड, आणि आपण फार हुशार आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

बी.एस्सी. होऊन मी नागपुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागले होते. पोलिसांकडून विष, दारू, रक्त, राख असं काय काय यायचं आणि त्यात काय आहे ते आम्ही सांगायचं. सहा महिने शिकायचं, एप्रिलअखेर खात्याची परीक्षा द्यायची. दोन पेपर. एक रासायनिक विश्लेषणाचा, दुसरा संख्याशास्त्राचा. पास झालात तर कायम. नापास झालात तर घरी. घरी म्हणजे आमच्या गोळीबार चौकाजवळच्या विणकर गल्लीत, जिथे दर तिसऱ्या दारातून मागाची खटखट ऐकू यायची आणि जिथे सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच मुलगी होते. शिवाय मौद्याचं एक स्थळ माझ्या नापास होण्याची वाट पाहत बसलेलं होतं. किराण्याचं दुकान होतं त्यांचं. त्या मुलाचं काहीच वाईट नव्हतं, पण त्याने मला बघायला आल्यावर एकच प्रश्न विचारला होता, "रक्ताचा वास हातालेही येत असंन नं?" आणि माझ्या मामांनी घाईघाईने "नाही नाही, साबण देते सरकार" असं उत्तर दिलं होतं.

आम्हाला शिकवायला ठोसर सर होते. उंच, वाकलेले, पांढरा कोट कायम एक बटण चुकवून लावलेला. पिपेट तीनदा धुवायचे आणि चौथ्यांदा तिच्याकडे संशयाने बघायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, ही त्यांची सगळ्यात भीतिदायक गोष्ट. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आकडा हा साक्षीदार असतो, पराते बाई. त्याला विचारायचं. पढवायचं नाही." मी मान हलवली. वहीत लिहूनही घेतलं. लिहून घेतलं की कळलं, असं माझं तेव्हा मत होतं.

माझ्याबरोबर दुसरा शिकाऊ होता मेश्राम. जाडजूड, हसरा, डब्यात रोज दोन संत्री आणणारा आणि ती व्हरांड्यातच सोलणारा, कारण सरांनी त्याला एकदा सालीसकट बाहेर काढलं होतं. त्याला सगळ्याची घाई. वजन करताना काटा स्थिरावायच्या आत म्हणायचा, "चालते नं बाई, काय सोनं तोलून राहिलो काय आपण?"

शिमगा आला आणि आमच्याकडे रक्ताचा हंगाम सुरू झाला.

हे वाचायला भयंकर वाटतं, पण बाकीच्या गावाला धुळवड म्हणजे रंग, तशी आम्हाला ती बाटल्या. दारूबंदीचा कायदा होता. सणाला पिऊन सापडलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊन त्याचं थोडं रक्त काढायचे, बाटलीत भरून, लाखेची मोहोर लावून, लाकडी पेटीत घालून आमच्याकडे पाठवायचे. रक्तात कायद्याने आखलेल्या रेघेच्या वर मद्य निघालं की खटला, खाली निघालं की बहुतेक सुटका. गावोगावचे हवालदार पेट्या मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. कोणाच्या कानाच्या पाळीत अजून हिरवा रंग. एका पेटीच्या कागदावर गुलाबी गुलालाचा अंगठा उमटला होता, अगदी सगळ्या रेषांसकट. मी त्या पेटीची मोहोर तोडली तेव्हा मला हसू आलं होतं. सोबतचं पत्र वाचलं: पुरुष, वय चाळीस, धंदा विणकाम, उमरेड. आमच्यातलाच, असं वाटून गेलं. मग पुढची पेटी घेतली, कारण दाराशी अजून नऊ होत्या.

आता ब्लँक म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. रक्तातलं मद्य उडून एका पिवळ्या द्रावणात उतरतं आणि तो पिवळेपणा थोडा खाऊन टाकतं. खाऊन किती उरलं ते मोजायला वरून काचेच्या नळीतून हायपो नावाचं औषध थेंब थेंब सोडायचं. स्टार्च घातला की बाटलीत आलेला निळा रंग एका थेंबाला दचकून नाहीसा होतो, तिथे थांबायचं. आता ते पिवळं द्रावण मुळात किती होतं? त्यासाठी रोज सकाळी एक वेगळी बाटली लावायची. तिच्यात सगळं घालायचं, फक्त रक्त नाही. हा ब्लँक. आजचं आम्ल कसं आहे, आजचा हायपो किती कडक आहे, आज माझा हात कसा आहे, हे सगळं ती रिकामी बाटली सांगते. ब्लँकमधून रक्ताचं रीडिंग वजा केलं की उरतो तो माणसाचा दोष. आमच्या मोजणीत तो फरक अडीचच्या वर गेला की माणूस रेघेच्या वर.

एक ब्लँक लावायला तासभर जायचा. आणि आदल्या दिवशीचा ब्लँक होता एकोणीस पूर्णांक आठच्या किंचित वर. त्याच्या आदल्या दिवशीचाही जवळजवळ तोच. कॉलेजात आम्ही तीन वर्षं काय केलं होतं? दोन रीडिंगं घ्यायची, तिसरं जुळवायचं. परीक्षक खूश, आपण खूश. मग त्या गर्दीत, दाराशी हवालदार घाम पुसत असताना, कालचीच रिकामी बाटली आज पुन्हा मोजत बसणं मला अगदी बावळटपणाचं वाटलं. मी वहीत लिहिलं, १९.८. दुसऱ्या दिवशी, १९.८. असे चार दिवस.

चुकीचं काही केलंय असं मनातही आलं नाही, हे सगळ्यात लाजिरवाणं. उलट त्या चार दिवसांत सर्वांत जास्त बाटल्या मी उरकल्या म्हणून दुपारी डबा खाताना मी मेश्रामला दोन उपदेशही केले.

मग गर्दी ओसरली. ऊन चढलं. प्रयोगशाळेच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या, त्यांच्यावर पाणी मारलं की पहिली पाच मिनिटं सगळ्या खोलीला ओल्या मातीचा, गवताचा वास येई, आणि मग त्या वासाखालून पुन्हा आम्लाचा वास डोकं वर काढी. माझ्या साड्यांना तेव्हा भोकं पडत. आम्लाचा थेंब उडलेला त्या वेळी दिसत नाही, धुतल्यावर साडी वाळत घातली की चाळणी. साड्या बाबांनीच विणलेल्या असायच्या. ते दोरीवरची साडी उन्हासमोर धरून म्हणत, "म्या एवढं घट्ट विणलं, सरकारनं उसवलं."

सरांनी संख्याशास्त्र काढलं. सरासरी, विचलन, वर्ग, वर्गमूळ, आणि लॉग टेबलची ती बारीक आकड्यांची पानं, ज्यांच्याकडे बघताना माझे डोळे एक ओळ खाली घसरायचे. सर म्हणाले, "पुस्तकातली उदाहरणं नकोत. प्रत्येकाने आपल्याच वहीतले गेल्या महिन्याचे ब्लँक घ्यायचे. आलेख काढा. तुमचा हात रोज किती हलतो ते मला हवंय. हात हलतो, सगळ्यांचा हलतो. किती, ते ज्याला माहीत नाही त्याने न्यायालयात जाऊ नये."

मी आलेखाचा कागद घरी आणला. मागाच्या खोलीत, खिडकीच्या उजेडाला बसून ठिपके काढायला लागले. बाबा माग थांबवून पाणी प्यायला आले आणि माझ्या मागे उभे राहिले. त्यांना अक्षरं बेताची, पण रेघ चांगली कळायची.

"हे काय काढून राहिली वं?"

मी विचलन समजावून सांगायचा प्रयत्न केला. मलाच पुरतं कळलेलं नव्हतं, त्यामुळे फार विद्वान भाषेत सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, मग कोनाड्यातलं इंचाचं भिंग आणलं. ते विणलेल्या कापडावर ठेवून एका इंचात किती धागे बसले ते मोजतात. त्यांनी मागावरच्या साडीवर पाच ठिकाणी ते ठेवलं आणि पाचही वेळा मला मोजायला लावलं. बावन्न. पन्नास. त्रेपन्न. एकावन्न. बावन्न.

"सारखं कुठून येईन पोरी? हात हाय तो. सकाळी येगळा, जेवल्यावर येगळा. आता गिरणीचं कापड घे. कुठंबी ठेव भिंग, बावन म्हणजे बावन. बजारात कोणी गिरणीचं कापड हातमागाचं म्हणून इकत असंन, तर मी काय पायतो? पाच जागी मोजतो. पाची जागी बावन निंगाले, का समजतो, लबाडी हाय."

मला विचलन तिथे कळलं. वर्ग, वर्गमूळ, सगळं. मी आनंदाने मान वर केली. बाबा माझ्या कागदाकडे बघत होते. ठिपके खाली वर, खाली वर, पाखरं तारेवर बसल्यासारखे. आणि मधेच चार ठिपके एका सुतात.

"आन् हे मधातले चार?" बाबांनी बोट ठेवलं. "हे काय गिरणीत विणले?"

त्यांनी थट्टेने विचारलं होतं. पाणी पिऊन ते मागावर गेलेही. धोटा पुन्हा इकडून तिकडे पळायला लागला. मी त्या चार ठिपक्यांकडे बघत एकेक दिवस बोटांवर मोजत गेले आणि तिसऱ्या बोटावर थांबले. कारण त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी जुना हायपो संपला होता. नवा मेश्रामने केला होता. मेश्रामचा हात सढळ. म्हणजे नवा हायपो जास्त कडक. म्हणजे त्या दिवशी खरा ब्लँक एकोणीस आठच्या खाली असणार. मी जुन्या, मोठ्या आकड्यातून नवं, लहान रीडिंग वजा केलं होतं. फरक फुगला होता. माणसाचा दोष मी वाढवला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यागेल्या वही काढली आणि त्या हायपोचे नंतरचे खरे ब्लँक धरून हिशेब पुन्हा केला. त्या दिवशीच्या आणि नंतरच्या मिळून सात बाटल्या होत्या. सहांचं काही बिघडत नव्हतं. ते एकतर इतके प्यालेले होते की माझी चूक त्यांच्यात बुडून गेली असती, नाहीतर इतके कोरडे की चूक धरूनही ते रेघेखालीच राहत होते. सातवा, रीडिंग सोळा सहा. मी काढलेला फरक तीन पूर्णांक दोन. रेघ अडीच. सरांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून सही केली होती, प्रमाणपत्र ठाण्यात गेलं होतं. धंदा विणकाम, उमरेड. गुलालाचा अंगठा.

तीन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. लिहिताना वाईट वाटतं, पण तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी भात दोनदा करपवला आणि सायकलवरून एकदा सरळ भाजीच्या हातगाडीत शिरले. मनात सारखं एकच. सांगितलं तर नोकरी जाणार. महिनाअखेर परीक्षा, शिकाऊ बाईचा खोटा आकडा, कोण कायम करील? नाही सांगितलं तर त्या माणसाला शिक्षा होणार. मधूनच मी त्याला दोषी ठरवायचे. प्यालाच असेल, शिमगाच होता. मग त्याचा माग डोळ्यासमोर यायचा, थांबलेला, ताण्यावर धूळ बसत चाललेली. त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला बाबांचाच चेहरा लागायचा.

चौथ्या दिवशी व्हरांड्यात मेश्राम संत्रं सोलत होता. मी त्याला सांगितलं. त्याच्या हातातली फोड तशीच राहिली.

"मंग मेलो नं आपण दोघंही, बाई."

"तुम्ही काहून?"

"त्या दिवशी म्याही ब्लँक नाही लावला. तुमच्याच वहीतून उतरवला." तो माझ्याकडे तक्रारीने बघायला लागला. "मले वाटलं, बाई हुशार आहेत, त्यांनी तरी लावला असंन."

मला हसावं की रडावं कळेना. त्याच्या बाटल्या आम्ही दोघांनी मिळून तपासल्या. नशिबाने त्यातली एकही रेघेच्या आसपास नव्हती. तेव्हा तो सुस्कारा सोडून म्हणाला, "नका सांगू. चौदा एप्रिल तोंडावर आहे, आमच्या वस्तीत मांडव टाकून राहिले, घरी पाव्हणे येऊन राहिले. मी मायले काय सांगू, नोकरी गेली?" फोड खाल्ली नाही. थोड्या वेळाने उठला आणि म्हणाला, "चला. मीही येतो. एकट्या गेल्या तर सर तुमचं ऐकून घेतीन, आणि मी राह्यलो तर मले आयुष्यभर तुमच्याकडे पाहता येणार नाही."

सरांनी ऐकून घेतलं. बटण चुकलेल्या कोटाकडे बघत राहिले. मी बडबडत होते, रडतही असेन. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रक्त उरलंय का?" त्यांनी एवढंच विचारलं.

उरलेलं रक्त आम्ही मोहोर लावून फ्रिजमध्ये ठेवत असू. बघितलं. जेमतेम एक मिलिलिटर. म्हणजे एकच मोजणी. दुसरी नाही.

"सर, तुम्ही करा," मी म्हणाले. "माझा हात कापतो."

"किती कापतो?"

मला वाटलं ते रागावून बोलले. ते खरंच विचारत होते. "माझा हात किती चुकतो ते गेल्या दहा वर्षांत कोणी मोजलेलं नाही, पराते बाई. तुमचा मोजता येईल. उद्यापासून दहा ब्लँक लावा. दहाही खरे. त्यावरून तुमचा हात किती हलतो ते काढा. मग ते रक्त घ्या. तुम्हीच."

उन्हाळ्याची सकाळची कचेरी होती, सात ते एक. दोन सकाळी मी ब्लँक लावले. एकोणीस एक. एकोणीस शून्य. एकोणीस दोन. एकोणीस एक. आयुष्यात पहिल्यांदा न जुळणारे आकडे बघून मला बरं वाटत होतं. प्रत्येक निळा रंग जाताना मी श्वास धरून ठेवायचे आणि शेजारी मेश्रामही धरायचा, त्यामुळे एकदा तो धापाच टाकायला लागला.

दुसऱ्या सकाळी, आठवा ब्लँक चालू असताना, वीज गेली.

पंखा थांबला आणि त्या शांततेत आम्हा दोघांची नजर एकाच वेळी फ्रिजकडे गेली. बाहेर लू सुटायला लागली होती. एक मिलिलिटर रक्त, आणि त्यातलं मद्य मोहोरेखालीसुद्धा उन्हाळ्यात काय करील याचा भरवसा नाही. "दार उघडू नका," मी ओरडले. "फ्रिजचं दार कोणी उघडू नका." कोणी उघडत नव्हतं. मेश्राम सायकल घेऊन पळाला. पाऊण तासाने आला तो कॅरिअरवर गोणपाटात बर्फाची लादी, सगळ्या रस्त्यावर ओली रेघ, आणि अंगभर लाकडाचा भुसा. "सांडला थोडा," तो म्हणाला. "पण जास्तच घेतला होता." बाटली आम्ही एका डब्यात, डबा बर्फात, बर्फ भुशात असा ठेवला. मी उरलेले दोन ब्लँक लावले. सर दारात उभे होते.

मग मोहोर तोडली. त्या तासाभराचं मला फारसं आठवत नाही. काचेच्या नळीची चकाकी आठवते, कपाळावरून घाम उतरून भुवईत थांबलेला आठवतो, आणि थेंब. एक थेंब टाकायचा, हलवायचं, बघायचं. निळा आहे. अजून एक. निळा आहे. अजून अर्धा. आणि निळा गेला, खाली फिकट हिरवं पाणी उरलं.

सोळा पूर्णांक सात.

एकोणीस एकमधून सोळा सात. दोन पूर्णांक चार. रेघ अडीच. सुटला, असं काहीतरी मी मोठ्याने म्हणाले.

"थांबा," सर म्हणाले. "तुमचा हात किती हलतो?"

मी हिशेब केला. लॉग टेबलात यावेळी डोळे घसरले नाहीत. खरा फरक दोन दोनपासून दोन सहापर्यंत कुठेही असू शकत होता. म्हणजे रेघेच्या खालीही आणि वरही. सरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. ठाण्याला पत्र. ब्लँक उतरवून काढला होता, ते लिहा. नवीन आकडा लिहा. तो किती हलू शकतो ते लिहा. किती दिवसांनी मोजलं, मधे वीज गेली होती, तेही."

"बर्फाचंही?" मेश्रामने विचारलं.

"बर्फाचंही. भुशाचं राहू द्या."

पत्रावर प्रशिक्षणार्थी म्हणून मी सही केली, खाली सरांनी केली. त्याची एक प्रत माझ्या सेवा पुस्तकात लागली. ती अजून तिथे आहे. तेव्हापासून जो नवा अधिकारी येतो, तो ती वाचून माझ्याकडे चष्म्यावरून एकदा बघतो. माझी परीक्षा सहा महिने पुढे गेली. मेश्रामचीही. मौद्याकडच्यांना कुठून तरी कळलं, आणि "मुलगी नापास" एवढंच कळलं, त्यामुळे ते पेढे घेऊन आले. बाबांनी त्यांना चहा पाजून सांगितलं, "नापास नाही झाली ते. फिरून मोजून राहिली." त्यांना काही समजलं नाही, पण पेढ्यांसकट परत गेले.

जूनमध्ये उमरेडकडचा तोच हवालदार दुसरी पेटी घेऊन आला. मी त्याला ओळखलं; शिमग्याला त्याच्या कानाच्या पाळीत हिरवा रंग होता. दोन महिने जो प्रश्न मी घशात घेऊन फिरत होते, तो बाहेर पडला.

"त्या विणकराचं काय झालं हो?"

"सोडला नं मॅजिस्ट्रेटनं. तुमच्याच कागदात दम नव्हता, तं काय करीन?" हवालदार बाकावर ऐसपैस बसला. "पण एक सांगतो बाई. कोर्टाच्या बाहेर तो मले म्हणे, जमादारसाहेब, पेलो तं होतो. दोन गिलास. खोटं काहून बोलू?"

दोन महिने मी एका निरपराध माणसासाठी भात करपवले होते.

"आन् विचारत होता," हवालदार पेटीची दोरी सोडता सोडता म्हणाला, "का मोजणाऱ्यानं फिरून काहून मोजलं. म्हणे, आमचं कापड एकदा कमी भरलं का भरलं. आपल्या बाजूनं फिरून कोणी मोजल्याचं म्या आजपावतर नाही आयकलं."

मी ती पेटी घेऊन आत गेले, ठेवली, आणि सरळ सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. दोन गिलास. आणि मग माझं डोकं चालायला लागलं, जसं ते अजून चालतं, नको तेव्हा. "सर, त्याला पकडल्यावर दवाखान्यात न्यायला किती वेळ गेला असेल? उमरेडकडची वाट. दोन तास? तीन? तेवढ्यात रक्तातलं बरंच उतरलं असेल. म्हणजे पकडला तेव्हा तो नक्कीच रेघेच्या वर असेल. म्हणजे पहिला चुकीचा आकडाच एका अर्थी..."

सरांनी लेखणी खाली ठेवली.

"बाटलीत किती होतं, एवढं आपल्याला विचारलं होतं," ते म्हणाले. "बाकीचं आपल्याला विचारलेलं नाही."

आता मीच त्या टेबलाशी बसते. मेश्राम पलीकडच्या खोलीत आहे, टक्कल पडलंय, काटा स्थिरावेपर्यंत थांबतो. महिन्यातून दोन-तीनदा मला साक्षीला जावं लागतं. वकील अंगावर येतात, आवाज चढवतात, बाई, तुम्हाला काय वाटतं, हा माणूस असं करील का? मी त्यांच्याकडे शांतपणे बघून सांगते, बाटलीत किती होतं एवढं मला विचारलं होतं, ते मी सांगितलं आहे. न्यायाधीश मान डोलावतात. साक्ष संपते. कोर्टाच्या पायऱ्या उतरून मी रिक्षात बसते, आणि सदरचा चौक यायच्या आत, मला कोणीही न विचारलेले सगळे प्रश्न एकेक करून स्वतःला विचारायला लागते.